शुद्धीवर येण्याचा इतिहास

भुलीचा इतिहास लिहिणारे बहुधा शुद्ध हरपण्याच्या क्षणापाशीच थांबतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने रुग्णाला ईथर हुंगवले, शस्त्रक्रिया पार पडली. पडदा येथेच पडतो. तो माणूस परत कसा आला, हा प्रश्न गौण ठरतो. त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स या कवी-वैद्याने सुचवलेल्या ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या शब्दातही केवळ संवेदनेचा अभाव आहे. मराठीत मात्र भूल चढते तशी उतरतेही. (येथे आपली भाषा अधिक नेमकी आहे, असे मला वाटते.)

उतरण्याचा हा वेग बराचसा एका गुणधर्मावर ठरतो : वायू रक्तात किती विरघळतो. मेंदूवर परिणाम होतो तो वायूच्या दाबाचा, साठ्याचा नव्हे. समतोल साधल्यावर ईथर फुफ्फुसातील हवेत जितके, त्याच्या सुमारे बारापट तेवढ्याच आकारमानाच्या रक्तात असते. हा साठा श्वासाश्वासाने रिता होईपर्यंत रुग्ण जागा होत नाही. नायट्रस ऑक्साइडचे हेच प्रमाण अवघे ०.४७. रक्त त्याला थारा देत नाही, म्हणून तो आला तसा जातो.

१७९९ साली ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीने हा वायू स्वतः हुंगला. कोलरिज आणि सदी यांनाही दिला. १८०० साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हीच्या ग्रंथात त्या मंडळींचे अनुभव नोंदलेले आहेत. रोमँटिक संवेदनशीलतेचे दस्तऐवज म्हणून ते वाचले जातात, आणि ते योग्यच आहे. पण वायू काही मिनिटांत ओसरला नसता, तर अनुभव ताजा असताना तो सांगणार कोण? ईथरच्या गाढ भुलीतून माणूस उठे तो जडावलेल्या डोक्याने आणि मळमळीने. त्या लेखनाचे थोडे श्रेय रक्ताच्या या अनास्थेलाही द्यायला हवे.

हीच चपळाई जानेवारी १८४५ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याला नडली. बॉस्टनमधील प्रात्यक्षिकात दात उपटताना रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. वायूची पिशवी फार लवकर काढली गेली, असे त्याने पुढे सांगितले. शिवाय हा वायू दुबळाही. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तो एकट्याने गाढ भूल देऊ शकत नाही. १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात वेल्सने आत्महत्या केली. त्याआधीचे काही दिवस तो स्वतःवरच क्लोरोफॉर्मचे प्रयोग करीत होता.

पुढे १९५६ पासून हॅलोथेन वापरात आले. त्याचे प्रमाण २.४. १९९२ मध्ये अमेरिकेत डेस्फ्लुरेनला मान्यता मिळाली, त्याचे ०.४२. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी वैद्यक डेव्हीच्या वायूच्या चपळाईपाशी परतले, पण आता एकट्याने गाढ भूल देणारे बळ घेऊन. रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडून आपले नाव सांगू लागला. मात्र रक्ताने नाकारलेले हे द्रव्य हवेत जाते, आणि तेथे त्याची उष्णता कोंडण्याची शक्ती वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारांहून अधिक पट आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर वैद्यकीयदृष्ट्या अपरिहार्य असेल तेथपुरताच ठेवला आहे. पर्याय आहे तो ०.६५ च्या सेव्होफ्लुरेनचा. त्याने रुग्ण काही मिनिटे उशिरा डोळे उघडतात.