कोळशानें रेखिलेला कवि

आयरिश कवि विल्यम बटलर येट्स याच्या समग्र वाङ्मयाचे आठ खंड १९०८ सालीं इंग्लंडांतील स्ट्रॅटफर्ड येथें छापून प्रसिद्ध झाले. कवीचें वय त्या वेळीं अवघें त्रेचाळीस. समग्र ग्रंथावलि निघावी असें हें वय नव्हे. शिवाय भावकविता त्याच्या हातून त्या दिवसांत फारशी उतरत नव्हती. १९०४ मध्यें डब्लिन येथें सुरू झालेल्या ॲबी थिएटरचा कारभार त्याचा सारा वेळ घेई. १९०७ च्या जानेवारींत तर सिंजच्या एका नाटकावरून त्याच रंगभूमीवर मोठा दंगा उसळला. अशा काळांत, वाचकापुढें आपला कोणता चेहरा ठेवावा, हा प्रश्न कवीला पडला.

चित्रें एकाहून अधिक तयार झालीं. ऑगस्टस जॉन यानें तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या चित्रांत येट्सला आपण भटक्यासारखे दिसतों असें वाटलें, आणि तें गाळण्यांत आलें. वडील स्वतः चित्रकार. त्यांनीं काढलेलें चित्रहि एका खंडांत आलें. परंतु पहिल्या खंडाचा मान मिळाला जॉन सिंगर सार्जंट याच्या कोळशाच्या चित्राला.

धनिकांचीं तैलचित्रें रंगवून कंटाळलेल्या सार्जंटनें १९०७ च्या सुमारास तो व्यवसाय जवळजवळ सोडला होता. कोळशाचें चित्र तो बहुधा दोन-तीन तासांच्या एकाच बैठकींत पुरें करी. काळोख कोळसा घासून आणावयाचा, आणि उजेड पावाच्या मऊ गरानें टिपून काढावयाचा. (कोळशानें भिंती रंगविणाऱ्या आपल्याकडील बाळगोपाळांना यांतील पहिली अर्धी विद्या अवगत असतेच!)

चित्रांतील येट्स तरुण आणि देखणा आहे. कपाळावर केसांची दाट बट उतरली आहे, गळ्याशीं सैल, भला मोठा रेशमी फासा आहे. नेहमींचा चष्मा मात्र नाहीं. कवि असावा तर असा, असें पाहणाऱ्यास वाटतें, आणि येथेंच त्याची फसगत होण्याचा संभव असतो. हें चित्र म्हणजे खुशामत, असें म्हणून तें बाजूला सारणें सोपें आहे. पण कोळसा कोठें धांवला आणि कोठें थांबला हें पाहावें. गळ्याचा फासा चार-सहा झपाट्यांत उरकलेला आहे. चेहऱ्यावर मात्र हात रेंगाळला आहे. पोशाख कवीनें निवडलेला होता, तो चित्रकारानें निमूटपणें टिपला. चेहऱ्याची जबाबदारी त्यानें स्वतःकडे घेतली.

म्हणून हें चित्र कवीचें जेवढें आहे, तेवढेंच त्यानें धारण केलेल्या सोंगाचेंहि आहे. सोंग म्हणजे लबाडी नव्हे. मनुष्य आपल्या विरुद्ध स्वभावाचा मुखवटा घेऊन स्वतःला घडवितो, हा विचार येट्सनें पुढें १९१८ मध्यें एका गद्यग्रंथांत मांडला. परंतु सार्जंटपुढें तो बसला तेव्हां त्या मुखवट्याचे दिवस भरत आले होते. १९१२ मध्यें त्यानें रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिली, १९१४ मध्यें त्याचा नवा काव्यसंग्रह आला, आणि त्यांतील भाषा रुक्ष, कणखर, अलंकार टाकून दिलेली अशी होती. तो रेशमी फासा तिच्या गळ्यांत मुळींच शोभला नसता.