हा कार्बन कोणाचा?

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत आहे असे वर्गात सांगितले, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "पण तो माणसामुळेच वाढला कशावरून? ज्वालामुखी आहेत, समुद्र आहे." प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही त्याचे पक्के उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

हा वायू उष्णता शोषतो, हे जॉन टिंडल यांनी 1859 च्या सुमारास प्रयोगाने दाखवले होते. 1896 मध्ये स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी गणित मांडले : हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर तापमान 5 ते 6 अंश सेल्सिअसने वाढेल. (आजचा अंदाज सुमारे 3 अंशांचा आहे.) मात्र कोळसा जाळून तो दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील, असे त्यांना वाटले.

1938 मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश वाफयंत्र-तज्ज्ञाने जगभरच्या 147 केंद्रांवरील तापमानाच्या नोंदी तपासल्या. पन्नास वर्षांत इंधनज्वलनाने हवेत 15,000 कोटी टन कार्बन डायऑक्साइडची भर पडली आणि पृथ्वी तापू लागली, असे त्यांनी मांडले. ही वाढ हितकारकच ठरेल, अशी त्यांची समजूत होती. हवामानतज्ज्ञांना मात्र हे पटले नाही. समुद्रात हवेच्या सुमारे पन्नासपट कार्बन असतो. जादा वायू तो सहज गिळून टाकील, असे तेव्हा मानले जाई.

मग पुरावा आला तो झाडांच्या खोडांतून. सजीवांत कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो. दर 5,730 वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशात तो उरलेलाच नसतो. 1955 मध्ये हान्स स्यूस यांना आढळले, की विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात कार्बन-14 चे प्रमाण जुन्या लाकडापेक्षा कमी आहे. दुधात पाणी घातल्यासारखा हवेत 'जुना' कार्बन मिसळला होता. 1957 मध्ये रॉजर रेव्हेल व स्यूस यांनी समुद्राच्या शोषणालाही रासायनिक मर्यादा असल्याचे दाखवले. 1958 पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे 315 भाग असणारा हा वायू 2024 साली 420 भागांच्या वर गेला.

ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-14 नसतो, ही शंका उरतेच. परंतु ज्वालामुखीचा वायू हवेतील ऑक्सिजन वापरत नाही, ज्वलन वापरते. कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांनी अतिसूक्ष्म मोजणी करून ऑक्सिजन घटत असल्याचे 1992 मध्ये दाखवले. (ही घट श्वसनाला बाधक नाही, हे मुलांना जरूर सांगावे.) समुद्रातील कार्बनही कमी होत नसून वाढतोच आहे, त्यामुळे त्याचे पाणी अधिक आम्लधर्मी होत आहे. म्हणजे समुद्रही सुटला.

2011 ते 2020 हे दशक 1850–1900 च्या तुलनेत सुमारे 1.1 अंशाने अधिक उष्ण होते. ही वाढ ज्वालामुखीमुळे असती, तर आपल्या हाती सोसण्यापलीकडे काही नव्हते. ती इंधनामुळे व जंगलतोडीमुळे आहे, म्हणून ती रोखण्याचा विचार करता येतो. आम्हांला वाटते, वर्गात निष्कर्षाआधी हे तीन संशयित मांडावेत. मुलांनी एकेकाला पुराव्याने सोडवावे.