व्हीपी सोडवण्यापासून ‘डिलिव्हरी डेट’पर्यंत : परभणीत पार्सल कधी पोचतं?

जुन्या लोकांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग अजून सापडतो. ‘व्हीपी सोडवणे’. पुण्या-मुंबईहून पुस्तक, घड्याळ किंवा एखादं औषध मागवलं की ते टपालाने यायचं, आणि पैसे भरून ते ‘सोडवून’ आणायचं. गहाण ठेवलेला दागिना सोडवावा तसं. आज आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो ते हेच. फ्लिपकार्टने ही सोय 2010 मध्ये सुरू केली तेव्हा बातम्यांमध्ये तिचं कौतुक नवी कल्पना म्हणून झालं. भारतीय टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू केलं होतं 1877 मध्ये. म्हणजे 133 वर्षं आधी.

मी परभणीत राहतो आणि लहान दुकानांच्या वेबसाइट्स बांधून देतो. करडईचं घाण्याचं तेल, ज्वारी, हळद, मसाले असा माल असतो. या कामातला सगळ्यात किचकट भाग कुठला, तर पेमेंटचा नाही आणि फोटोंचाही नाही. ‘माल कधी मिळणार’ हा एक रकाना. तो नीट बसवता बसवता मी या जिल्ह्याच्या टपालाचा इतिहास वाचायला लागलो, कारण हा प्रश्न आमच्या आधी बऱ्याच जणांनी सोडवून ठेवलेला दिसला.

आधी व्हीपीची रचना बघा. ग्राहक पत्र टाकून माल मागवतो. दुकानदार पार्सलवर रक्कम लिहून ते टपालात देतो. पोस्टमन ती रक्कम वसूल करून पार्सल देतो आणि पैसे दुकानदाराला मनीऑर्डरने जातात. मनीऑर्डरचं काम टपाल खात्याने 1880 मध्ये स्वतःकडे घेतलं. आता यातली मेख. कुणी न मागवलेला माल पाठवला तर? किंवा मागवून घ्यायला नकार दिला तर? 1898 च्या टपाल कायद्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं. खरोखर मागणी आली म्हणूनच हा माल पाठवतोय, असं पाठवणाऱ्याने लिहून द्यायचं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र कायद्याकडे औषध नव्हतं. वसुली होईपर्यंत त्या रकमेची जबाबदारी सरकारची नाही, एवढंच त्यात स्पष्ट केलं होतं. नाकारलेल्या पार्सलचा परतीचा फटका दुकानदाराला, तेव्हाही आणि आताही.

पण व्हीपीत एक गोष्ट होती जी मला आजच्या व्यवस्थेपेक्षा शहाणी वाटते. पार्सल आल्याची सूचना मिळाल्यावर ते पोस्टात सात दिवस थांबायचं. पोचण्याची तारीख कुणी सांगायचं नाही, पण पोचल्यावरचे सात दिवस ग्राहकाचे. त्या सात दिवसांत कधी ना कधी बाजाराचा दिवस यायचाच. माणूस गावातून तालुक्याला यायचा, चार पैसे हातात आलेले असायचे, जाता जाता पार्सल सोडवायचा. आजचा कुरियरवाला दारात येतो, दोनदा फोन करतो आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. ग्राहक तेव्हा शेतात असतो आणि तिथे रेंज नसते.

परभणीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, स्वतःची तिकिटं होती. पहिलं तिकीट 1869 चं. त्यानंतरच्या तिकिटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगूही असे. त्याच वेळी संस्थानात इंग्रजी टपालाची ऑफिसंही चालत. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादला जाणारी मीटरगेज रेल्वे सेलू, परभणी, पूर्णा करत पूर्ण झाली आणि पार्सलं बैलगाडीऐवजी रेल्वेने येऊ लागली. संस्थानाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं ते 1 एप्रिल 1950 ला, पोलीस कारवाईनंतर दीड वर्षाने.

आणि तारखा? सरकारी कामात फसली सन चाले. आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी फारसी महिन्यांची नावं. वर्ष ऑक्टोबरात सुरू. 1947 च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं साल 1357 फसली. जमिनीच्या जुन्या नकला काढल्या असतील तर हे आकडे तुम्ही पाहिले असतील. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या बिलावर इंग्रजी तारीख, कचेरीत फसली आणि घरात पंचांगातली तिथी. एकाच पार्सलला तीन कॅलेंडरं. ‘फस्ल’ म्हणजे हंगाम, पीक. सारावसुली पिकाच्या चक्राशी जुळावी म्हणून ही कालगणना आली. सारा वसूल करणाऱ्याला तरी कळलं होतं की इथल्या माणसाच्या हातात पैसा कधी येतो. आम्ही वेबसाइटवाले ते अजून शिकतोय.

मग 1972. परभणीत हे साल दुष्काळाचं म्हणून लक्षात आहे. खडी फोडायला गेलेली माणसं आजही ‘बहात्तरच्या साली’ असं म्हणून गोष्ट सुरू करतात. त्याच वर्षी 18 मे ला इथे कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि 15 ऑगस्टला देशात पिनकोड आला. पिनकोडची कल्पना राबवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, टपाल खात्यातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी. गावांची सारखी नावं आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यामुळे होणारा घोळ मिटवायचा होता. आपल्यासाठी हे उदाहरण फार लांबचं नाही. एक सेलू परभणीत, एक सेलू वर्ध्यात. पहिल्याचा पिन 431 ने सुरू होतो, दुसऱ्याचा 442 ने. वेबसाइटवर पिन टाकताच तारीख दिसते ती या सहा आकड्यांच्या जोरावर.

अडचण अशी की पिन फक्त कुठे ते सांगतो. वूकॉमर्स हे 2011 पासूनचं, फुकट मिळणारं दुकानाचं सॉफ्टवेअर. आमची बहुतेक दुकानं त्यावरच चालतात. त्याच्या मूळ रूपात चेकआउटला तारीख निवडायची सोय नाही. ती वेगळं प्लगइन लावून आणावी लागते. त्यात मग ठरवायचं : माल तयार व्हायला किमान किती दिवस, आजची ऑर्डर किती वाजेपर्यंत आजची धरायची, कुठले वार बंद, एका दिवसाला जास्तीत जास्त किती ऑर्डरी. यातलं काही नवीन नाही. लाल टपालपेटीवर पुढची पत्रं किती वाजता काढणार ते सांगणारी पट्टी असते ना, तोच कटऑफ. फक्त पेटीला टाइमझोन नव्हता. वेबसाइट यूटीसीवर ठेवली तर संध्याकाळी पाचचा कटऑफ आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो.

शहरातल्या ग्राहकासाठी हे पुरतं. परभणी शहर, पुणे, संभाजीनगर : तारीख निवडा, माल येईल. पण जिंतूरच्या डोंगराकडची किंवा पालम-सोनपेठकडची गावं घ्या. काळी जमीन. मृग बरसला की आतल्या रस्त्यांवर दुचाकी रुतते. एका कुरियर कंपनीने माझ्या ओळखीच्या तेलवाल्याच्या अकरा पेट्या एका जुलैमध्ये परत आणल्या, जाण्यायेण्याचं भाडं कापून. तीन पेट्यांत तेल गळालेलं. ते दुकान तो आणि त्याची आई असे दोघंच चालवतात. त्या महिन्यात घाण्याच्या मोटारीचा हप्ता चुकला. मोठ्या कंपनीच्या हिशेबात परत आलेली पेटी हा एक टक्केवारीचा आकडा असतो. इथे ती माणसाच्या ओट्यावर येऊन बसते.

त्यानंतर आम्ही त्या दुकानाचं कॅलेंडर बदललं. गावाचा पिन टाकला की तारखांऐवजी जवळच्या बाजाराचा वार दिसतो. पेटी बाजारगावातल्या एका किराणा दुकानात उतरते आणि आठ दिवस तिथे थांबते. ग्राहक बाजाराला येतो, पैसे देतो, सोडवून नेतो. किराणावाल्याला पेटीमागे थोडं कमिशन. कोडमध्ये फार काही नाही, पिन आणि वार यांची एक यादी. पण ती यादी बनवायला मला फोनवर फोन करावे लागले, कारण बाजाराचे वार कुठल्याही नकाशात लिहिलेले नाहीत.

एका बाबतीत मात्र हे चालत नाही, आणि ती बाब म्हणजे बियाणं. कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, 18 मे ला, खरिपाच्या बियाण्यासाठी लोक लांबून येऊन रांग लावतात. घरबसल्या मागवायच्या जमान्यात ही रांग कशाला, असं पोरं विचारतात. रांगेतल्या माणसाला विचारा. सोयाबीनची पिशवी पेरणीच्या वाफशाला चार दिवस उशिरा आली तर तिचा उपयोग काय? वाफसा कुठल्या तारखेला येईल ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून पिशवी आधीच घरात हवी. एका बियाणेवाल्याने त्याच्या साइटवर जूनच्या तारखा द्यायला सांगितल्या तेव्हा मी मेअखेरनंतरचं कॅलेंडर बंद ठेवायचा आग्रह धरला. तो नाराज झाला, पण तयार झाला.

तेलाच्या दुकानात आता चेकआउटला वाराखाली एक मोकळा रकाना आहे, ‘काही सांगायचं असल्यास’. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. काही जण घराची खूण लिहितात. गंगाखेडकडच्या एका ग्राहकाने पाच लिटरची ऑर्डर टाकून तिथे लिहिलंय, ‘सोयाबीनचं माप झाल्यावर पाठवा.’ सॉफ्टवेअरला त्याची तारीख लागत नाही. ऑर्डर ‘होल्ड’वर आहे, आणि तेलवाल्याने डबा भरून बाजूला ठेवलाय.