धूसर कडांचे मोल

जुन्या छायाचित्रांतील धूसर कडांना आपण सहज ‘काव्यात्म’ म्हणतो; त्यांचा उगम मात्र गणितात आहे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञ जोसेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रांसाठी भिंग रचले. एफ ३.६ इतक्या मोठ्या अ‍ॅपर्चरमधून कितीतरी पट अधिक प्रकाश आत आला, माणसाला निश्चल बसवण्याचा काळ घटला. मोबदल्यात प्रतिमेचा मध्य रेखीव राहिला, कडा विरघळल्या. १८६५ मध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी याच जातीच्या भिंगाने टेनिसनचा चेहरा टिपला. अशा धूसर चित्रांवरून छायाचित्रकारांनी त्यांना अकुशल ठरवले; बाईंनी ती धूसरता जाणूनबुजून जपली. भिंगाची मर्यादा त्यांच्या हाती शैली झाली. वर्गात कवितेतले दोष दाखवताना आम्हांला हा चेहरा आठवतो, आणि खडू क्षणभर थांबतो.