चकचकीत म्हणजे स्वच्छ नव्हे

जुना ॲम्प्लिफायर खरखरू लागला, एका बाजूचा आवाज येईनासा झाला, की जॅक आणि पिना पॉलिश पेपरने घासायच्या आणि वर डब्ल्यूडी-४० मारायचे, हा अनेक मेकॅनिकांचा आणि हौशी मंडळींचा शिरस्ता आहे. काळे ते घाण, चकचकीत ते स्वच्छ, हा त्यामागचा तर्क. आणि घासल्यावर आवाज सुधारतो, हा पुरावा.

पुरावा खरा, पण निष्कर्ष चुकीचा. घासल्याने काळा थर जातो, म्हणून आवाज लगेच सुधारतो. पण त्यासोबत मुलामाही जातो. साध्या जॅकवरचा सोन्याचा मुलामा बहुधा १ मायक्रॉनहूनही पातळ असतो, तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरचा एक कण सुमारे १० मायक्रॉनचा. खालचे पितळ उघडे पडले की आमच्या सुरतेच्या दमट हवेत ते लवकर काळवंडते आणि घासणे कायमचे मागे लागते. सुरतकरांना तरी हे वेगळे सांगायला नको. चांदीच्या तारेवर सोन्याचे पाणी चढवलेली जर इथेच बनते आणि येवल्याच्या पैठणीत विणली जाते. ती काळी पडली म्हणून कुणी पॉलिश पेपर हाती घेत नाही.

डब्ल्यूडी-४० चा जन्म १९५३ चा, पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ते मागे तेलाचा पातळ थर सोडते. यंत्रमागांच्या या शहरात त्या थरावर धूळ आणि तंतू चिकटणारच.

मग करावे काय? वीज तोडून, आतल्या मोठ्या कपॅसिटरमधला विद्युतभार उतरल्याची खात्री करून, आधी ब्रशने धूळ झाडावी. तेलकटपणा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. चांदीच्या कॉन्टॅक्टवरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकून प्लग काही वेळा आतबाहेर करावा आणि उरलेले द्रव्य पुसून घ्यावे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या यंत्राची गोष्ट वेगळी: गाळातले क्षार काढायला आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, मग पुरेसे वाळवणे.

मुलामा आधीच उडून पितळावर हिरवा गंज चढला असेल, तर घासण्याला माझी हरकत नाही. पण तो शेवटचा उपाय. एवढे करूनही खरखर राहिली, तर दोष घाणीचा नाही. स्प्रिंग सैल झाली असेल किंवा सोल्डरचा डाग तडकला असेल. तो शोधा, पिना घासत बसू नका.