बिनसातबाऱ्याचा बंगला

पाण्यावर राहायला माणूस हौसेनं जातो, असा आपला समज. काश्मीरच्या हाऊसबोटींचा इतिहास मात्र, मला विचाराल तर, निव्वळ कारकुनी आहे. एकोणिसाव्या शतकात उन्हाळ्याला विटलेले गोरे साहेब श्रीनगरला धावू लागले. पण महाराजांच्या संस्थानात परक्याला जमीन विकत घेता येईना. अर्ध्या जगाचे सातबारे खिशात बाळगणाऱ्या साहेबाला इथं दोन गुंठे मिळेनात! मग हांजी नावाड्यांच्या डोंग्यांवर देवदाराचे दिवाणखाने चढले. ना खरेदीखत, ना स्टँपड्यूटी. आम्हां बँकवाल्यांनी तारण म्हणून काय, दोरखंड घ्यायचा?

१९४७ साली साहेब गेला, बोटी राहिल्या. आपण मे महिन्यात जातो, शिकाऱ्यात फोटो काढतो आणि परततो. खरा मुक्काम सुरू होतो २१ डिसेंबरपासून. ‘चिल्लई कलान’चे चाळीस दिवस! दल सरोवर कधीकधी गोठतं. गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. फेरनखाली कांगडी धरून हांजी कुटुंब बसलेलं. बर्फ पडलं की अपरात्रीसुद्धा छपरावर चढून ते ओढायचं, नाहीतर भारानं बोटच बुडायची.

म्हणजे उन्हाळ्यात बोट माणसांना सांभाळते आणि हिवाळ्यात माणसं बोटीला. जमाखर्च जुळतो, फक्त थंडी कोणत्या खात्यात टाकायची, ते सांगा.