परळची संशोधनशाळा आणि गर्भिणींचा पांडुरोग

परळच्या ज्या वास्तूत आज हाफकिन संस्थेचा कारभार चालतो, तिने आपल्या दीर्घ आयुष्यात जितकी रूपांतरे पाहिली तितकी मुंबईतील क्वचितच दुसऱ्या एखाद्या इमारतीने पाहिली असतील. पोर्तुगीज अमदानीत पाद्र्यांचा मठ, त्यानंतर इंग्रज गव्हर्नरांचा राजवाडा, १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या धामधुमीत रुग्णालय आणि १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग-संशोधनशाळा, अशी स्थित्यंतरे भोगून १९२५ मध्ये तिने त्या शास्त्रज्ञाचे नाव धारण केले. प्लेगच्या लसीचा इतिहास आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु त्याच आवारात १९२८ च्या अखेरीपासून एका इंग्रज स्त्री-वैद्याने जे काम केले, आणि ज्याच्यामुळे आज जगातील बहुतेक प्रत्येक देशात गरोदर स्त्रीच्या हाती फॉलिक आम्लाची एक इवलीशी गोळी ठेवली जाते, त्याची दखल मराठी वाचकाने फारशी घेतलेली नाही. पूरक पोषणद्रव्यांच्या इतिहासात या गोळीची वंशावळ शोधीत मागे जाणारा मनुष्य शेवटी गिरणगावातील चाळींपाशी येऊन पोचतो, ही गोष्ट मुंबईच्या अभिमानाची आहे तशीच ती तिला लाज आणणारीही आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातल्यापासून पाऊणशे वर्षांत या शहराने परळ, लालबाग, भायखळा या भागांत जी वस्ती वसविली, तिच्यात स्त्रियांचा वाटा थोडाथोडका नव्हता. सूत गुंडाळण्याच्या आणि रिळे भरण्याच्या खात्यांत त्या काम करीत, दिवस भरत आले तरी रोजंदारी बुडू नये म्हणून खात्यावर हजर राहत, आणि संध्याकाळी एका खोलीच्या संसारात परतून चुलीपुढे बसत. १९२८ साली सहा महिने चाललेल्या प्रचंड संपाने गिरणी-कामगारांची कैफियत जगाच्या वेशीवर टांगली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात गिरणीतील बाळंतिणींना हक्काची रजा व भत्ता मिळावा या विधेयकाची चर्चा झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची ठाम तरफदारी केली, आणि १९२९ मध्ये हिंदुस्थानातील त्या प्रकारचा पहिला कायदा मुंबईत संमत झाला. नेमक्या याच काळात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. मार्गारेट बॅल्फूर या बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी करीत होत्या, आणि त्या चौकशीत पांडुरोगाची एक विलक्षण तऱ्हा वारंवार त्यांच्या नजरेस येत होती.

पांडुरोग आपल्या वैद्यकाला नवा नव्हता. चरकसंहितेत त्याचे स्वतंत्र प्रकरण असून लोह आणि मंडूर यांचे कल्प त्यावर सांगितलेले आहेत, आणि रक्त उणे झाले म्हणजे लोखंड द्यावे हा सिद्धान्त पूर्वेस व पश्चिमेस सारखाच मान्य होता. पण मुंबईच्या प्रसूतिगृहांत गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत ज्या स्त्रिया आणल्या जात, चेहरा पांढराफटक पडलेला, पायांवर सूज चढलेली, दोन पावले टाकली तरी धाप लागणारी, त्यांच्यापैकी अनेकींना लोहाने काडीचाही उतार पडत नसे, आणि त्यांतल्या कित्येकी बाळंतपणातच दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तो त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने अत्यल्प, मात्र आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोहाच्या अभावाने पेशी लहान व फिकट होतात. इथे सारेच उफराटे. ॲडिसन या इंग्रज वैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घातक पांडुरोगात पेशी अशाच मोठ्या होतात खऱ्या, परंतु त्या रोगात मज्जातंतूंची जी हानी होते आणि जठरातील आम्ल जे नाहीसे होते, ती लक्षणे या मुंबईकर स्त्रियांत आढळत नव्हती.

हे कोडे सोडविण्यासाठी बॅल्फूर यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील ल्यूसी विल्स यांना पाचारण केले. १८८८ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला होता, पण पदवी त्यांच्या पदरी पडली नाही. कारण स्त्रियांना पदवी देण्याची उदारता त्या विश्वविख्यात विद्यापीठाला १९४८ पर्यंत सुचली नव्हती. मागासलेपणाचा शिक्का केवळ आपल्याच माथी मारून घेणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. पुढे विल्स यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मुंबईस येऊन परळच्या संशोधनशाळेत रुजू झाल्या.

विल्स यांची पद्धत मला विशेष मोलाची वाटते. जंतुसंसर्गाची शक्यता त्यांनी तपासलीच, पण तेवढ्यावर न थांबता तळपदे या सहकाऱ्यांसह मुंबईच्या स्त्रियांचे राहणीमान आणि त्यांच्या ताटातील अन्न यांचा पाहणी-वृत्तांत सिद्ध केला. सुखवस्तू घरांतील स्त्रियांत हा रोग जवळजवळ दिसत नव्हता. गरिबांत, आणि त्यातही गरीब मुसलमान स्त्रियांत, तो अधिक होता. त्यांच्या जेवणात हिरवी भाजी, फळे आणि दूध यांचा जवळजवळ दुष्काळ असे. गरोदरपणी पोटात वाढणारा जीव आपला हिस्सा मागू लागला म्हणजे आधीच तुटपुंज्या असलेल्या शिलकीवर शेवटचा घाला पडे. आपल्या घरांतून बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वळण्याचा जो रिवाज आहे, त्यामागे पूरक आहाराचीच जाण आहे. मात्र त्यासाठी तूप, गूळ आणि सुकामेवा घरात असावा लागतो, आणि हे जिन्नस ज्या खोलीत पोचत नव्हते तिथल्याच स्त्रिया प्रसूतिगृहाच्या दारी येत होत्या.

मग प्रयोग आरंभिले. पांढऱ्या उंदरांना या स्त्रियांच्या आहारासारखा आहार देण्यात आला. गाभण उंदरिणींना पांडुरोग जडला, आणि त्यांच्या खाद्यात यीस्ट, म्हणजे आंबवणाचे किण्व, मिसळताच तो टळू लागला. सिद्धान्त हाती आलाच असे वाटत असता असे आढळून आले, की उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांना बार्टोनेला नामक जंतूंचा संसर्ग होतो, आणि त्यांच्या पांडुरोगाचे निदान एक कारण तरी तेच आहे. दुसरा एखादा संशोधक इथेच खचला असता. विल्स माकडांकडे वळल्या. निकृष्ट आहारावर ठेवलेले एक माकड अगदी मरणपंथाला लागले असता, सर्व उपाय थकल्यावर निरुपायाने त्याला मार्माइट चाटविण्यात आले आणि ते आश्चर्यकारक रीतीने सावरले, असे सांगतात. मार्माइट हा पदार्थ तसा सामान्यच. इंग्लंडातील बर्टन-ऑन-ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ पासून, बिअर गाळून उरलेल्या किण्वाचा अर्क काढून तो बरणीत भरून विकला जात असे. काळसर, चिकट, खारट असा हा लेप इंग्रज लोक पावावर लावून खातात आणि त्याच्या चवीवरून आपसांत भांडतात. मद्याच्या कारखान्यातील टाकाऊ मालाने परळमध्ये पांडुरोग बरा करावा, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराने रचला असता तर वाचकांनी त्याला अतिशयोक्तीचा दोष लावला असता.

माकडावरून ही चिकित्सा रुग्णांवर आली. या ठिकाणी थोडा मागचा संदर्भ द्यावयास हवा. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट व मर्फी या द्वयाने घातक पांडुरोगाच्या रुग्णांना रोज जवळजवळ अर्धा पौंड यकृत खाऊ घालून बरे केले होते, आणि यकृतचिकित्सेचा सगळीकडे बोलबाला झाला होता. विल्स यांना आढळले की कच्चा, अशुद्ध यकृत-अर्क मुंबईच्या स्त्रियांना लागू पडतो. परंतु तोच अर्क शुद्ध करून घातक पांडुरोगावर रामबाण ठरेल असा केला, की इथे तो निकामी ठरतो. मार्माइट मात्र गुण देते. अ आणि क जीवनसत्त्वांनीही काही साधत नाही. यावरून त्यांनी अनुमान काढले की किण्वात आणि अशुद्ध यकृतात असे एक द्रव्य आहे, जे तोवर कोणाच्या यादीत नव्हते. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले. हिंदुस्थानच्या दृष्टीने या उपचारात आणखी एक सोय होती. यकृत महाग आणि अनेक घरांना निषिद्ध. किण्वाचा अर्क त्यामानाने स्वस्त आणि शाकाहारी.

दक्षिणेतही त्यांनी काम केले. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना खाऊ घालून त्यांची तुलना करीत होते, आणि तेथील त्या कामातूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्थेचा वृक्ष वाढला. १९३३ मध्ये विल्स लंडनला परतल्या, आणि १९३७ च्या हिवाळ्यात काही आठवड्यांसाठी पुन्हा परळला आल्या.

पुढील इतिहास वेगाने सांगता येतो. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकाच्या पानांतून ते द्रव्य विलग करून त्याला फॉलिक आम्ल म्हटले, आणि १९४५ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळांत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळांचे संशोधन-प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्या केंद्रातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, आणि ती घडविण्याच्या कामी हे जीवनसत्त्व लागते. ते उणे पडले म्हणजे अस्थिमज्जेतील पेशी आकाराने वाढतात पण विभागत नाहीत, आणि रक्तात मोठ्या आकाराच्या, थोड्याच पेशी उतरतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या उफराट्या चित्राचा उलगडा हा असा झाला. गर्भारपणी पेशींची वाढ झपाट्याने होत असल्यामुळे उणीव तेव्हाच उघड होते. हे द्रव्य पालेभाज्यांत व कडधान्यांत असते, पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजविल्याने नष्ट होते. तेव्हा भाजीचे पाणी फेकून देणारी गृहिणी नकळत काय फेकते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

१९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये एक मोठी वैद्यकीय चाचणी प्रसिद्ध झाली, तिने या जीवनसत्त्वाला निराळेच महत्त्व आले. ज्या मातांचे आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या व मेंदूच्या जन्मजात व्यंगाने ग्रस्त होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिले असता पुढील मुलात ते व्यंग उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गर्भाचा मज्जारज्जू व मेंदू ज्या नलिकेतून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे दिवस गेल्याची जाणीव नीट होण्याच्या सुमारास, बंद होत असल्यामुळे गोळी आधीपासूनच चालू असावी लागते.

आता या पूरक द्रव्यांच्या बाजाराविषयी दोन शब्द. विल्स यांच्या संशोधनाचा बोध असा, की गोळी ही उणीव भरून काढते. ज्याच्या शरीरात ती उणीव नाही त्याचे बळ ती वाढवीत नाही. आजचा व्यापारी मात्र रोज तूप-भात आणि फळफळावळ खाणाऱ्यालाच रंगीत बरणीतली शक्ती विकतो. शिवाय अविचाराने भरमसाट फॉलिक आम्ल घेण्यात एक खरा धोका आहे. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा पांडुरोग ते झाकून टाकते, रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. आपल्याकडील शाकाहारी मंडळींनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. तपासणीवाचून, दुकानदाराच्या शिफारशीवरून घेतलेली गोळी मला मान्य नाही. प्रसूतिगृहाच्या दारी आलेल्या गिरणी-कामगारणीला दिलेले मार्माइट मात्र मला उत्तम वैद्यकाचा नमुना वाटते.

१९७० मध्ये हिंदुस्थान सरकारने गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याची राष्ट्रीय योजना आखली, आणि २०१८ च्या ॲनिमिया-मुक्त भारत योजनेने ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल यांची तांबडी गोळी गरोदरपणी व प्रसूतीनंतर प्रत्येकी १८० दिवस देण्याची तजवीज केली. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षीण आढळल्या. औषध सापडून नव्वद वर्षे होत आली असता हे आकडे टिकून राहावेत याचा दोष विज्ञानाकडे जात नाही. तो आपल्या मजुरीच्या दरांकडे, घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटाकडे, आणि मळमळते म्हणून अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांच्या पाकिटांकडे जातो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोणी गरोदर असेल, त्यांनी तिच्या ताटातील हिरवी भाजी आज पाहावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळणारे ते पाकीट ती मुदत संपेपर्यंत घेते आहे की नाही, याची विचारपूस करावी.